विळीचा पाट आणि चिरायची फळी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम हसलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की गड, लढाया आणि सनावळ्या. त्यात माझा पाड कसा लागावा? पण त्या म्हणाल्या, "किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही पुरानंतर विळी केलीत, तिच्यावर लिहा. तिलाही इतिहास आहेच की!" मी विचार करू लागले, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. ज्या वस्तूवर आपल्या आजीपणजीने रोजचे चारदोन तास घालवले, तिला इतिहास नाही असे कसे म्हणावे? म्हणून भगिनींनो, चुकले तर सांभाळून घ्या. मला जे ठाऊक आहे आणि मी हाताने जे केले आहे, तेवढेच लिहिते.

विळी हा शब्द विळ्यावरून आला. शेतात तो विळा आणि स्वयंपाकघरात ती विळी. 'विळ्याभोपळ्याएवढे सख्य' असे आपण म्हणतो, तिथेही विळाच आहे. घरात मात्र भोपळ्याशी गाठ विळीची. ही वस्तू केवळ आपलीच असे मी कितीतरी वर्षे समजत होते. पण आपल्या आळीत बँकेच्या नोकरीत बदलून आलेली कुटुंबे राहून गेली, त्या बायकांकडून कळले की ती बहुतेक सगळ्या देशभर आहे. मालवणीत तिला आडाळो म्हणतात, बंगालीत बोटी, ओडियात पनिकी. कन्नड बाई तिला 'ईळिगे मणे' म्हणत, तेलुगू बाई 'कत्तिपीट' आणि तमिळ बाई 'अरिवाळमणै'. यातली गंमत पाहा. मणे, मणै, पीट म्हणजे बसायचा पाट किंवा बैठक. त्यांच्या नावात पाते आहे आणि पाटही आहे. आपण मात्र नाव घेतो ते पात्याचे. ज्या पाटावर त्या पात्याचा सगळा भार, त्याचे नावच नाही! तमिळ नावातला 'अरिवाळ' म्हणजे पुन्हा आपला विळाच. कलकत्त्याच्या जुन्या कालीघाट चित्रांतही बोटीवर मासा चिरणारी बाई काढलेली आढळते.

विळी आणि सुरी यांत खरा फरक कोणता, हे मी सासूबाईंकडून शिकले. सुरी चालते आणि भाजी थांबते. विळीचे उलट. पाते जागेवर थांबते आणि भाजी चालते. एक पाय पाटावर दाबून ठेवला की दोन्ही हात मोकळे. मग मेथीची जुडी असो, सुरण असो की बांगडा असो. शिवाय पात्याच्या टोकाला खवणी असली म्हणजे नारळही तिथेच. चिरणे होते ते हवेत, पात्याच्या धारेवर. खाली फळी लागतच नाही. म्हणून आपल्या जुन्या घरांत पोळपाट होता, बसायचे पाट होते, पण भाजी चिरायची फळी अशी निराळी वस्तू नव्हती. ठेवून तोडायचे लाकूड असे ते एक खाटकाकडे. त्याचा तो चिंचेचा ओंडका. थोडक्यात, आपल्याकडे लाकूड बाईच्या पायाखाली होते, भाजीच्या खाली नव्हते. ते पायाखालून वर ओट्यावर कसे आले, हाच माझ्या या लेखाचा इतिहास.

विळी दोन हातांची. पाते लोहाराचे आणि पाट सुताराचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गांव-गाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात गावाचे काम करून पिकाच्या वेळी धान्याच्या रूपाने मोबदला घेणाऱ्या बलुतेदारांचे सविस्तर वर्णन आहे. सुतार आणि लोहार दोघेही त्या बारांत येतात. म्हणजे नांगर ज्यांच्या हातचा, त्यांच्याच हातची विळी. नांगराचे कौतुक पुस्तकांतून झाले. विळीचे कोणी केले नाही, एवढेच.

आमच्या सासूबाईंची विळी १९६८ सालची. त्यांचे लग्न आदल्या वर्षी झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि आमच्या चिपळुणात लोक अंथरुणातून रस्त्यावर आले. सासूबाईंचे माहेरचे स्वयंपाकघर खचले. त्यांच्या वडिलांनी पडलेल्या सामानातून फणसाची एक फळी उचलून ठेवली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचा विळीचा पाट करून मुलीच्या घरी पाठवला. सुतार अंगणात बसून पाट करीत होता आणि सासूबाई माहेरपणाला आल्या होत्या, म्हणून त्यांनी ते सर्व काम डोळ्यांनी पाहिले. हे मला फार पुढे उपयोगी पडले, ते येईलच.

त्या पाटाला रीतीरिवाजही होते. काम झाले की विळी आडवी करायची, उभी ठेवायची नाही. ओलांडून जायचे नाही. नागपंचमीला चिरणे-कापणे बंद. म्हणून त्या दिवशी उकडलेली दिंडे. वर्षातून विळीला तेवढी एक सुट्टी, आणि खरे सांगायचे तर तिच्यापुढे बसणारीलाही. खंडेनवमीला मामंजी आपली हत्यारे पुजायला मांडीत, त्यांत सासूबाई हळदकुंकू लावलेली विळी नेऊन ठेवीत. "तुमचे हत्यार हत्यार, आणि आमचे काय?" असे त्या म्हणत.

आता बाई उभी कशी राहिली, ते सांगते. माझी पुतणी घरे बांधण्याचे शास्त्र शिकते. तिने मला सांगितले की, जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरी १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या एका बाईंनी कामकरी कुटुंबांसाठी स्वयंपाकघराचा नवा आराखडा केला. बाईची पावले वाचावीत, हात पोहोचेल तिथे वस्तू असावी, हा त्यांचा हेतू. खिडकीशी लाकडी कामाचे टेबल, त्याला सालपटे लोटायला खण आणि बसायला फिरते स्टूल. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तिथे झाली. मला त्यातले स्टूल फार आवडले. बाईने उभे राहून काम करावे, पण चिरताना बसावे, हे त्या बाईंना सुचले. आपल्याकडे ओटा आला आणि स्टूल यायचे राहून गेले!

आपल्याकडे ओटा घरोघर पोहोचला तो मुख्यतः गॅसच्या पाठोपाठ. मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस आणला आणि १९६५ साली कलकत्त्यात इंडेन सुरू झाला. चूल जमिनीवर चालते. गॅसची शेगडी मात्र सिलिंडरच्या वर असावी लागते. सिलिंडर खाली, म्हणून शेगडी उंचावर, म्हणून ओटा, आणि म्हणून बाई उभी. आमच्या घरी हे १९८८ साली झाले. सासूबाई सांगतात, पहिले काही महिने त्या शेगडीवर फोडणी टाकायला उभ्या राहत आणि चिरायला पुन्हा खाली बसत. दिवसातून किती वेळा उठबस झाली असेल, देव जाणे! पुढे मी सून म्हणून आले, तेव्हा मला ओट्यावर सुरीने चिरायची सवय. फळी नव्हतीच, मी पोळपाट पालथा घालून त्यावर कांदा चिरीत असे. एकदा चुकून सुलट्या बाजूवर चिरला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोळीवर रेघा उमटल्या आणि त्या पोळ्या पंगतीत गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्याच आठवड्यात बाजारातून पांढरी प्लॅस्टिकची फळी आली.

तेव्हापासून घरात दोन गाद्या झाल्या. खाली विळी त्यांची, वर प्लॅस्टिकची फळी माझी. वीस वर्षे असे चालले आणि त्यावरून कधी वाद झाला नाही. वाद झाला तो पुरानंतर.

२२ जुलै २०२१ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात छातीच्या वर होते. आम्ही शेजारच्या माडीवर रात्र काढली. पाणी ओसरल्यावर परत आलो, तर भुशाच्या पाटीचे कपाट फुगून पावासारखे झाले होते. हात लावला की भुगा. ट्रॉल्या गेल्या, पिठे गेली, गाद्या गेल्या. चिखल उपसताना सासूबाई दारात खुर्चीवर बसून होत्या आणि एकच विचारत होत्या, "माझी विळी सापडली का?"

तिसऱ्या दिवशी खाटेखालच्या गाळात ती सापडली. मी ती धुतली, घासली, उन्हात ठेवली. पाते चांगले राहिले होते. पाट मात्र मधोमध चिरला होता, आणि उन्हात आठ दिवस ठेवूनही त्याचा वास जाईना. मी म्हणाले, "सासूबाई, हा पाट आता स्वयंपाकघरात नको." त्या म्हणाल्या, "त्रेपन्न वर्षे मी त्यावर पाय ठेवला. तुला घाण वाटते?" मला घाण वाटत नव्हती, भीती वाटत होती. त्या पाण्यात गटारे होती, मेलेली जनावरे होती, रॉकेल होते. लाकूड पाणी पिते. वरून घासून आतले कसे निघावे? घरात लहान मुले. मी हट्ट सोडला नाही. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळे घर वाहून गेले तेव्हा ज्या रडल्या नव्हत्या, त्या त्या पाटासाठी रडल्या. घरात त्यांच्या बापाच्या हातून आलेली तेवढी एकच वस्तू होती, हे मला तेव्हा उशिरा उमगले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बऱ्याच जणी मला विचारतात की लाकूड चांगले की प्लॅस्टिक. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी व प्लॅस्टिकच्या फळ्यांवर रोगजंतू घालून प्रयोग केले. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांना आढळले की लाकडावर पडलेले जंतू थोड्याच वेळात आत शोषले जातात आणि पृष्ठभागावर पुन्हा सापडत नाहीत; आत ते वाढत नाहीत, हळूहळू मरतात. नवे प्लॅस्टिक सहज साफ होते, पण सुरीच्या चरे पडलेले प्लॅस्टिक हाताने धुऊन साफ होत नाही. म्हणजे आजीच्या लाकडाला आपण उगीच मागासलेले म्हणत होतो. परंतु हे झाले रोजच्या भाजी-मासळीचे. पुराच्या पाण्यात तास न् तास बुडालेल्या लाकडाला हा न्याय लावू नये. ते टाकावेच. माझे म्हणणे तेवढेच होते.

मग उपाय निघाला तो माळ्यावरून. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळात आमच्या परसातला फणस पडला होता. मामंजींनी तो गिरणीत कापून आणून फळ्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या, मधे काठ्या घालून, वारा खेळेल अशा. बारा वर्षे त्या तिथेच होत्या. पूर माळ्यापर्यंत गेला नव्हता. मामंजी आज नाहीत, पण त्यांनी ठेवलेले लाकूड होते. पिवळे लाकूड आता तपकिरी झाले होते. सासूबाईंना ती फळी दाखवली, तेव्हा त्यांनी बोटाने ती ठोकून पाहिली आणि दोन दिवसांनी पहिला शब्द बोलल्या: "वाळलंय."

सुतार मिळणे अशक्य होते. गावातल्या प्रत्येक घराची दारे फुगलेली. सुतारांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. म्हणून शेजारच्या काकांची करवत, रंधा, पटाशी मागून आणली आणि आम्हीच करायला घेतले. हात माझे आणि डोळे सासूबाईंचे. १९६८ साली अंगणात पाहिलेले त्यांना सारे आठवत होते. कसे केले ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

लाकूड आधी पूर्ण वाळलेले हवे. ओल्या फळीचे काहीही केले तरी ती वाकते. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, पण रुंदीत पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. फळीची लांबी म्हणून नेहमी रेषांच्या बाजूने घ्यावी. गाठ असलेला भाग टाळावा. आमच्याकडे फणस चांगला. साग टिकतो, पण सुरीची धार लवकर घालवतो. बिब्ब्याच्या लाकडाच्या वाटेला जाऊ नये, त्याच्या चिकाने अंगावर फोड उठतात. रंगवलेले, जुन्या दाराचे पॉलिश असलेले किंवा भुशाच्या पाटीचे लाकूड खाण्याच्या कामाला घेऊ नये.

विळीच्या पाटाला मी हातभर लांब तुकडा घेतला. पात्याचा खालचा निमुळता भाग बसेल एवढी खाच पटाशीने खोदायची. सासूबाई सांगत होत्या, "खाच पात्यापेक्षा बारीक ठेव, ठोकून बसव." मी घाई केली. खाच मोठी झाली आणि पाते दाताच्या कवळीसारखे हलू लागले. मला रडू आले, कारण तेवढी लांब फळी दुसरी नव्हती. सासूबाई मात्र हसल्या, पुरानंतर पहिल्यांदा. म्हणाल्या, "त्या सुताराचीही मोठी झाली होती. त्याने पाचर मारली." मग त्याच फणसाची पातळ पाचर तासून दोन्ही बाजूंनी ठोकली. आज चार वर्षांहून अधिक झाली, पाते हललेले नाही. पाते बसवण्याआधी ते चिंच आणि राखेने घासून उकळत्या पाण्यात घालून घेतले होते, हे सांगायचे राहिले.

उरलेल्या लाकडाची मी ओट्यासाठी फळी केली, जिला आपल्या मुली चॉपिंग बोर्ड म्हणतात. अंगठ्याच्या जाडीची, एकाच तुकड्याची, म्हणजे सरसाची भानगड नाही. दोन्ही बाजू रंध्याने सपाट केल्या, कडा कानशीने मोडल्या आणि घासकागद आधी जाड व मग बारीक असा रेषांच्या दिशेने फिरवला. त्यानंतर फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू दिली. तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासले. शेवटी तेल. गोडे तेल लावू नये, ते खवट होते. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफीन मिळते, ते चोळून रात्रभर मुरू दिले आणि सकाळी पुसून काढले. महिन्यादोन महिन्यांनी पुन्हा तेच करते.

निगा म्हणाल तर सोपी आहे. फळी पाण्यात भिजत ठेवू नये. धुवायची तर दोन्ही बाजू धुवाव्यात. एकच बाजू ओली झाली तर ती फुगते आणि फळी वाकते. धुतल्यावर आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवावी. मासळीची फळी निराळी, भाजीची निराळी. वास राहिला तर मीठ आणि लिंबाच्या फोडीने घासावी. खोल चरे पडले की पुन्हा घासकागद. प्लॅस्टिकची फळी जुनी झाली की टाकावी लागते; लाकडाची पुन्हा नवी होते, हा त्यातला मोठा फायदा.

फळी पाहून आळीतल्या आणखी पाच जणींनी फळ्या मागितल्या. त्यांना मी म्हटले, "लाकूड देते, करून देणार नाही." मग मंडळाच्या खोलीत दोन दुपारी आम्ही सहा जणी घासकागद घेऊन बसलो. पुराच्या गोष्टी तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी निघाल्या. कोणाचे काय गेले, कोण रात्रभर कुठे होते, सगळे. हात कामात असले म्हणजे तोंडाने बोलणे सोपे जाते.

जुन्या पाटाचे काय केले, असे कोणी विचारील. तो मी फेकला नाही. सासूबाईंच्या सांगण्यावरून परसात, फणसाचा नवा कोंब लावला आहे तिथे, मातीत पुरला.

आता सासूबाईंना खाली बसवत नाही; गुडघे राहिले नाहीत. विळी माझ्याकडे आली आहे. नारळ खवायला आणि सुरण चिरायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, म्हणून मी रोज थोडा वेळ खाली बसते. आणि माझी फळी गेली आहे त्यांच्याकडे. खिडकीशी टेबल लावून दिले आहे. खुर्चीत बसून, पुढ्यात फळी घेऊन त्या शेवग्याच्या शेंगांचे तुकडे करतात, फरसबी चिरतात. त्या जर्मन बाईंनी शंभर वर्षांपूर्वी सुचवलेली बैठक आमच्या घरी अशी उशिराने आली. "सुरी मला कधी जमली नाही," असे म्हणणाऱ्या सासूबाई आता माझ्यापेक्षा बारीक चिरतात.

इतिहास म्हणतात तो हाच नव्हे काय? भगिनींनो, आपापल्या घरी जाऊन एकदा विळी, पोळपाट, पाट यांकडे पाहा. लाकूड कोणत्या झाडाचे, कोणी केले, कोणत्या साली, कोणाच्या लग्नात आले, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आजच विचारून एका वहीत लिहून ठेवा. आमचा पाट गेला, पण त्याची हकीकत सासूबाईंच्या तोंडी होती म्हणून दुसरा करता आला. पूर लाकूड नेतो. सांगून ठेवलेले नेत नाही.